पेशीतील पहारा आणि गुरांची लस

गाय, बैल, शेळी, कोंबडी असो किंवा मनुष्य असो, प्रत्येक प्राण्याच्या शरीरावर रोगजंतूंचा मारा अहोरात्र चालू असतो. चारा, पाणी, श्वास, जखमा आणि डास-माश्यांचे दंश ह्या वाटांनी जंतू सतत आत येत असतात. असे असूनही जनावर बहुतेक दिवस निरोगी राहते, ह्याचे कारण त्याच्या शरीरातील प्रतिकारशक्ती होय. ही प्रतिकारशक्ती दोन प्रकारची असते. पहिली जन्मजात असते व ती कोणत्याही जंतूविरुद्ध काही तासांतच उभी राहते. दुसरी एकेका रोगाची ओळख पटल्यानंतर तयार होते. तिला पूर्ण बळ येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. परंतु ती रोगाची ओळख दीर्घकाळ लक्षात ठेवते. लस टोचून जनावरास जे संरक्षण मिळते ते ह्या दुसऱ्या प्रकारचे होय.

पहिल्या प्रकारच्या शक्तीविषयी एक प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडलेला होता. जो जंतू शरीराने पूर्वी कधीच पाहिलेला नाही, तो शत्रू आहे हे पेशीला कळते कसे? गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत ह्या प्रश्नाचे बरेचसे समाधानकारक उत्तर मिळाले आहे. गुरांना होणारा लम्पी चर्मरोग ज्या कुलातील विषाणूमुळे होतो, त्या कुलाशी ह्या उत्तराचा निकटचा संबंध आहे. लस साथ येण्यापूर्वीच का टोचून घ्यावी, ती बर्फातच का ठेवावी, टोचल्यानंतर जनावरास थोडा ताप आला तर का घाबरू नये, ह्या गोष्टी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना गावोगाव समजावून सांगाव्या लागतात. त्यांची कारणे नीट ठाऊक असली म्हणजे शेतकऱ्यांचा विश्वास मिळविणे सोपे जाते. त्या दृष्टीने ह्या विषयाची माहिती येथे दिली आहे.

लम्पी रोगाने झालेली हानी

लम्पी चर्मरोगाची पहिली नोंद १९२९ मध्ये आफ्रिकेतील त्यावेळच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबिया देशात झाली. त्यानंतर अनेक वर्षे हा रोग आफ्रिका खंडापुरताच मर्यादित होता. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशा राज्यात प्रथम आढळला. २०२० मध्ये तो महाराष्ट्रात पोहोचला. २०२२ साली मात्र त्याने गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र व इतर अनेक राज्यांत मोठे थैमान घातले. त्या एका वर्षात देशभरात दीड लाखांहून अधिक गुरे दगावली. महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. मृत जनावरांसाठी राज्य शासनाने दुधाळ गायीस ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलास २५,००० रुपये व वासरास १६,००० रुपये असे अर्थसाहाय्य त्यावेळी दिले. परंतु ज्याच्या दावणीला एकच बैलजोडी होती आणि तीतील एक बैल ऐन पेरणी-मशागतीच्या हंगामात गेला, त्याचे नुकसान केवळ पैशाने भरून येणारे नव्हते.

ह्या रोगात जनावरास भरपूर ताप येतो. डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते, लसिका ग्रंथी सुजतात आणि अंगावर २ ते ५ सेंटिमीटर व्यासाच्या कडक गाठी उठतात. पाय व पोळी सुजते, दूध आटते, गाभण जनावर गाभडण्याचा संभव असतो. गाठी फुटून जखमा होतात व त्यांत आसडी पडू शकतात. रोगाचा प्रसार मुख्यतः चावऱ्या माश्या, डास व गोचीड ह्यांच्यामार्फत होतो. हा रोग मनुष्यास होत नाही.

डीएनए म्हणजे काय

सर्व सजीवांचे शरीर अतिसूक्ष्म पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीत बहुधा मध्यभागी एक गोलसर भाग असतो. त्यास केंद्रक म्हणतात. केंद्रकाभोवती जो दाट द्रव असतो त्यास पेशीद्रव्य असे नाव आहे. जनावराचा रंग, वशिंड, शिंगांचा आकार, दुधाची धार इत्यादी गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरविणारा जो पदार्थ केंद्रकात साठविलेला असतो, तो डीएनए होय. जोंधळ्याच्या दाण्यात जसे पुढील पिकाचे सर्व गुण साठविलेले असतात, तसे डीएनएच्या लांबच लांब धाग्यात प्राण्याचे सर्व गुण रासायनिक अक्षरांच्या रूपाने लिहिलेले असतात. गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात आणि त्यांच्या एका संचात सुमारे २७० कोटी अक्षरे असतात. लम्पीच्या विषाणूचे गुणसूत्र त्यामानाने अगदी लहान, म्हणजे सुमारे दीड लाख अक्षरांचे असते. तथापि दोन्ही ठिकाणी पदार्थ एकच, दुपेडी डीएनए हाच असतो.

डीएनएचा शोध फ्रीड्रिख मीशर ह्या स्विस शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे लावला. त्याने त्यासाठी रुग्णालयातील वापरलेल्या पट्ट्यांवरचा पू घेतला होता. जखमेत पू होतो तो मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा. अशा रीतीने हा पदार्थ रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींतूनच प्रथम हाती आला. परंतु रोगाची वर्दी देण्याच्या कामीही तोच पदार्थ उपयोगी पडतो, हे समजण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

कणगी, ओसरी आणि राखणदार

पेशीतील पहाऱ्याचे काम समजण्यासाठी शेतकऱ्याच्या घराचे उदाहरण घेता येईल. बियाणे कणगीत जपून ठेवलेले असते. कणगीत बियाणे आहे ह्यात कोणास नवल वाटत नाही. परंतु रात्रीच्या वेळी ओसरीवर दाणे सांडलेले दिसले, तर राखणदार लागलीच सावध होतो. ते दाणे कोणत्या वाणाचे आहेत हे तो पाहत बसत नाही. जेथे असू नयेत तेथे ते आहेत, एवढेच त्यास पुरेसे असते.

पेशीतील केंद्रक ही कणगी होय व पेशीद्रव्य ही ओसरी होय. निरोगी पेशीत मुख्य डीएनए केंद्रकात राहतो. काही थोडा डीएनए पेशीतील सूत्रकणिकांत असतो, तोही आवरणाच्या आत बंद असतो. पेशीद्रव्यात मोकळा डीएनए नसतो आणि चुकून आला तर तो मोडून टाकणारी विकरे तेथे तयार असतात. म्हणून पेशीद्रव्यात दुपेडी डीएनए आढळणे म्हणजे बाहेरचा कोणी आत शिरला आहे, किंवा पेशीस आतून मोठी इजा झाली आहे, ह्याची खूण होय.

ही खूण ओळखणाऱ्या प्रथिनास सी-गॅस असे नाव आहे. हे प्रथिन डीएनएवर कोणती अक्षरे लिहिली आहेत हे वाचीत नाही. दुपेडी डीएनएच्या धाग्यास ते चिकटते आणि चिकटताच त्याचा आकार बदलतो. मग ते पेशीत सदैव उपलब्ध असणाऱ्या दोन द्रव्यांपासून एक लहानसा चक्राकार रेणू तयार करू लागते. त्यास सी-गॅम्प म्हणतात. हा रेणू दवंडी पिटणाऱ्यासारखा पेशीभर फिरतो व स्टिंग नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनास जागे करतो. स्टिंग जागे झाले म्हणजे संदेश साखळीने केंद्रकापर्यंत जातो आणि तेथील इंटरफेरॉनची जनुके चालू होतात. सी-गॅम्प रेणू शेजारच्या पेशींतही झिरपू शकतो. त्यामुळे ज्या पेशीत अद्याप विषाणू शिरलेला नाही तीही सावध होते.

इंटरफेरॉन हे प्रथिन पेशीतून बाहेर पडून आसपासच्या पेशींस इशारा देते. तो इशारा मिळताच त्या पेशी शेकडो जनुके चालू करून विषाणूची वाढ रोखण्याची तयारी करतात. रक्तातील लढाऊ पेशी त्या जागी धावून येतात. ताप येणे, जनावर मलूल होणे, चारा कमी खाणे ही लक्षणे काही अंशी ह्या तयारीचाच परिणाम असतात. हा सर्व व्यवहार काही तासांत घडतो.

डीएनए ओळखणारे सी-गॅस हे एकच प्रथिन नाही. टीएलआर-९ नावाचे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींनी गिळलेल्या जंतूंच्या डीएनएवर पाळत ठेवते. जीवाणूंच्या डीएनएमधील एक विशिष्ट जोडणी ते ओळखते. एम-२ नावाचे तिसरे प्रथिन पेशीद्रव्यात डीएनए सापडल्यास प्रसंगी पेशीस आत्मनाश करावयास लावते. एका पेशीचा बळी गेला तरी विषाणूचा कारखाना बंद पडावा, असा त्यातील हिशेब आहे. ज्या विषाणूंचा वारसा डीएनएऐवजी आरएनए ह्या पदार्थात असतो, उदाहरणार्थ लाळ्या-खुरकूत, शेळ्यांतील पीपीआर व कोंबड्यांतील राणीखेत ह्या रोगांचे विषाणू, त्यांच्यासाठी प्रामुख्याने वेगळे राखणदार असतात. मात्र इंटरफेरॉनची दवंडी दोन्हीकडे तीच असते.

शोध कसा लागला

१९५७ मध्ये लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व ज्याँ लिंडनमान ह्या दोघांनी कोंबडीच्या उबविलेल्या अंड्यातील पातळ पडद्यावर प्रयोग केले. उष्णतेने निष्प्रभ केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू त्या पडद्यास लावला असता पेशींतून एक पदार्थ बाहेर पडतो व तो दुसऱ्या पडद्यास लावला तर तेथे जिवंत विषाणूची वाढ होत नाही, असे त्यांना आढळून आले. ह्या पदार्थास त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. १९६३ मध्ये आयझॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, परक्या केंद्रकाम्लामुळे, म्हणजे डीएनए किंवा आरएनएमुळेच, पेशी इंटरफेरॉन तयार करीत असावी. विचार बरोबर होता; परंतु राखणदार कोण हे तेव्हा सापडले नाही.

पुढे २००० मध्ये जपानमधील ओसाका येथे शिझुओ अकिरा ह्यांच्या प्रयोगशाळेने टीएलआर-९ चे कार्य दाखवून दिले. २००८ मध्ये अमेरिकेत ग्लेन बार्बर ह्यांच्या प्रयोगशाळेने स्टिंग प्रथिनाचे कार्य उजेडात आणले. अखेर २०१२ च्या शेवटी अमेरिकेतील डॅलस येथे झिजियान चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-गॅस व सी-गॅम्प शोधून काढले आणि साखळी पूर्ण झाली. ह्या कार्याबद्दल चेन ह्यांना २०२४ मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला. ह्याच साखळीसारखी एक प्राथमिक व्यवस्था जीवाणूंमध्येही आहे व ते तिचा उपयोग स्वतःवर हल्ला करणाऱ्या विषाणूंविरुद्ध करतात, असे २०१९ मध्ये दिसून आले. ह्यावरून हा पहारा किती प्राचीन आहे ह्याची कल्पना येते.

देवी-कुलातील विषाणूंची युक्ती

लम्पीचा विषाणू देवी-कुलातील आहे. शेळ्यांच्या व मेंढ्यांच्या देवींचे विषाणू हे त्याचे सख्खे भाऊ होत. डीएनए असणारे अनेक विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून आपली वाढ करतात. देवी-कुलातील विषाणू मात्र केंद्रकात न जाता पेशीद्रव्यातच ठाण मांडतात व तेथेच आपल्या डीएनएच्या नकला काढतात. म्हणजे चोराने कणगीस हात न लावता राखणदाराच्या डोळ्यांदेखत ओसरीवरच दाण्यांचे ढीग मांडावेत, असा हा प्रकार आहे. असे असता हे विषाणू टिकतात कसे?

ते टिकतात, कारण त्यांनी पहारा चुकविण्याचे उपाय साधले आहेत. देवीची लस ज्यापासून तयार होत असे त्या व्हॅक्सिनिया विषाणूचा अभ्यास करताना २०१९ मध्ये असे आढळून आले की, हा विषाणू पॉक्सिन नावाचे एक विकर तयार करतो व ते सी-गॅम्प रेणू तोडून टाकते. राखणदाराने चोर पाहिला, दवंडीवाला निघालाही. परंतु त्यास वाटेतच गाठून गप्प केले, असा त्याचा अर्थ होतो. ज्या विषाणूतून पॉक्सिनचे जनुक काढून टाकले त्याचा जोर प्रयोगातील उंदरांमध्ये कमी झाल्याचे दिसले.

इतर जनावरांच्या रोगांतही हाच डाव आढळतो. कोंबड्यांतील मॅरेक्स रोगाचा विषाणू डीएनए असलेला आहे. त्याचे मेक नावाचे प्रथिन स्टिंगच्या मार्गात अडथळा आणते. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हर ह्या डुकरांच्या रोगाचा विषाणूही डीएनएचाच असून, हाच मार्ग रोखणारी अनेक प्रथिने तो तयार करतो.

ह्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जन्मजात पहारा हा आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही. शत्रू कसलेला असला तर पहिल्या काही तासांची दवंडी तो दाबून टाकतो व तेवढ्या अवधीत अंगभर पसरतो. त्यावेळी जनावरास तारून नेणारी शक्ती एकच असते. ती म्हणजे त्या रोगाची आधीपासून असलेली ओळख. ही ओळख सुरक्षितपणे लसीनेच करून देता येते.

पहारा अति झाला तर

साथीच्या दिवसांत प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून नाना तऱ्हेची चूर्णे, द्रावणे व इंजेक्शने गावात विकावयास येतात. शक्ती जितकी वाढेल तितके चांगले, असा सर्वसामान्य समज असतो. परंतु तो बरोबर नाही. सी-गॅसचा राखणदार दाण्याचे वाण पाहत नाही, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे घरचेच दाणे ओसरीवर सांडले तरी तो ओरड करतो. मनुष्यांमध्ये काही बालकांस जन्मतः असा दोष असतो की, पेशीद्रव्यातील सांडलेला डीएनए मोडणारे विकर नीट काम करीत नाही. अशा बालकांत इंटरफेरॉनची दवंडी कायम चालू राहते व त्यांच्या मेंदूस व त्वचेस इजा होते. आयकार्डी-गुतिएर ह्या नावाने हा विकार ओळखला जातो. स्टिंग प्रथिन सतत जागे राहिल्यामुळे होणारा, त्वचेच्या रक्तवाहिन्या व फुप्फुसे ह्यांना इजा करणारा एक विकार २०१४ मध्ये नोंदविला गेला. ल्युपस ह्या सांधे, त्वचा व मूत्रपिंडे ह्यांना ग्रासणाऱ्या रोगातही ह्या मार्गाचा काही वाटा आहे.

तेव्हा प्रतिकारशक्ती ही वाटेल तितकी वाढवावयाची वस्तू नसून ती वेळेवर चालू व वेळेवर बंद होणारी व्यवस्था आहे. समतोल चारा, खनिज मिश्रण, स्वच्छ पाणी, जंतनिर्मूलन व कोरडा गोठा ह्यांनी ती व्यवस्था सुस्थितीत राहते. ह्यापलीकडील औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून विकत घेऊ नये. त्याचप्रमाणे प्रतिजैविके विषाणूस मारीत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. गाठी फुटून जखमांत जीवाणू शिरले असता किंवा न्यूमोनिया झाला असता पशुवैद्यक ती देतात. ती मूळ रोगावरची औषधे नव्हेत.

लस काय करते

लम्पी रोगाविरुद्ध भारतात प्रथम शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली. दोन्ही विषाणू सख्ख्या भावांसारखे असल्यामुळे एकाची ओळख दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडते. त्यानंतर हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या सहकार्याने खास लम्पीची लस तयार केली. २०१९ मध्ये रांची येथील जनावरापासून मिळविलेला विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर पन्नास पिढ्या वाढवून सौम्य करण्यात आला. लम्पी-प्रोव्हॅक-इंड ह्या नावाची ही लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली.

ह्या दोन्ही लसी सौम्य केलेल्या जिवंत विषाणूच्या आहेत. लसीतील विषाणू पेशीत शिरतो, थोडासा वाढतो, पहारा जागा होतो आणि त्या जागृतीतूनच दुसऱ्या प्रकारची, लक्षात ठेवणारी प्रतिकारशक्ती तयार होऊ लागते. टोचल्यानंतर एक-दोन दिवस किंचित ताप येणे, टोचलेल्या जागी लहानशी गाठ येणे, दूध थोडे कमी होणे ह्या गोष्टी क्वचित घडतात. पहारा जागा झाल्याची ती खूण असते. बहुतेक जनावरांत ती लक्षणे आपोआप जातात. लसीने रोग झाला, अशी समजूत ह्यामुळे पसरू देऊ नये. ताप उतरला नाही किंवा गाठी अंगभर उठल्या, तर मात्र पशुवैद्यकास लागलीच कळवावे. टोचण्याच्या आधीच रोगाचा विषाणू अंगात शिरलेला असेल, तर लस त्यास थोपवू शकत नाही.

लसीतील विषाणू जिवंत असणे आवश्यक असल्यामुळेच ती थंड ठेवावी लागते. उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या पेटीत राहिलेल्या लसीतील विषाणू मरतो. असा मेलेला विषाणू पेशीत वाढत नाही व हवी तशी ओळख निर्माण करीत नाही. जनावर टोचले गेले, वहीत नोंद झाली, पण संरक्षण शून्य, अशी स्थिती मग उद्भवते. ती न टोचण्यापेक्षाही वाईट होय; कारण मालक निर्धास्त राहतो.

गावात करावयाची कामे

१. लसीकरण साथीची वाट न पाहता दर वर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, करून घ्यावे. पूर्ण संरक्षणास सुमारे तीन आठवडे लागतात. शेजारच्या गावात रोग आल्यावर धावपळ करून टोचलेली लस पहिले काही दिवस उपयोगी पडत नाही. त्या अवधीत जनावर बाहेर नेऊ नये.

२. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, बर्फाच्या पेटीतून आणावी. द्रावणात मिसळल्यानंतर ती सावलीत व बर्फावर ठेवून, वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीत संपवावी. उरलेली लस दुसऱ्या दिवशी वापरू नये.

३. प्रत्येक जनावरास स्वतंत्र सुई वापरावी. एका जनावराच्या रक्ताने माखलेली सुई दुसऱ्यास टोचणे म्हणजे चावऱ्या माशीचे काम आपण स्वतः करणे होय.

४. आजारी किंवा ताप असलेल्या जनावरास लस टोचू नये. वासरे व गाभण जनावरे ह्यांबाबत पशुवैद्यकाचा निर्णय घ्यावा.

५. रोगाची लक्षणे दिसताच जनावर वेगळे बांधावे. त्याचा चारा, पाणी, दावे व भांडी वेगळी ठेवावीत. आजारी जनावरांची देखभाल करणाऱ्याने निरोगी जनावरांकडे आधी जावे, आजारी जनावरांकडे शेवटी.

६. गोठा कोरडा ठेवावा. शेणाचा उकिरडा गोठ्यापासून दूर असावा, पाण्याची डबकी बुजवावीत, गोचिडांचा बंदोबस्त करावा. गोठ्याच्या फरशीवर व भांड्यांवर २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण फवारावे. वाळलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभराहून अधिक काळ टिकू शकतो, म्हणून खपल्या व केर गोळा करून जाळावा.

७. मेलेले जनावर उघड्यावर, ओढ्यात किंवा नदीत टाकू नये. गावापासून व पाणवठ्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

८. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावे. लम्पीच्या भीतीने दूध ओतून देण्याचे किंवा गावचे दूध नाकारण्याचे कारण नाही.

९. रोगाची वर्दी दडवू नये. २००९ च्या प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमान्वये अशी माहिती देणे हे मालकाचे व ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अथवा १९६२ ह्या क्रमांकावर कळवावे.

कोंबडीपालन करणाऱ्यांनी पिल्ले विकत घेताना मॅरेक्स रोगाची लस उबवणूक केंद्रात पहिल्याच दिवशी दिलेली आहे की नाही, ह्याची खात्री करून घ्यावी. तत्त्व तेच आहे. शत्रूची गाठ पडण्यापूर्वी ओळख झालेली असली पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या माहितीचा उपयोग ग्रामसभेत, दूध संकलन केंद्रावर व बैलबाजाराच्या दिवशी करावा. कणगी, ओसरी व राखणदार हे उदाहरण वृद्ध शेतकऱ्यासही सहज पटते. गावातील प्रत्येक दावणीची यादी करून कोणती जनावरे टोचली, कोणती राहिली व कोणती नव्याने विकत आणली, हे नोंदवून ठेवावे. बाजारातून आणलेले नवे जनावर काही आठवडे वेगळे बांधण्याचा नियम ग्रामपंचायतीने घालून द्यावा. राहिलेल्या जनावरांची नावे घेऊन पावसाळ्यापूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधला, तर पुढील हंगामात कोणाची बैलजोडी मोडण्याची पाळी येणार नाही.